गरोदरपणात दात-हिरड्यांचे उपचार: आत्ता करावेत की बाळंतपणानंतर?

शमिका
पाचवा महिना चालू आहे. तिसऱ्या महिन्यापासून ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतंय, आणि आता खालची उजवीकडची एक दाढ रात्री ठणकायला लागली आहे. त्या दाढेत जुनं फिलिंग आहे. उलट्या होत होत्या तेव्हापासून पुढचे दातही आंबतात. गायनॅक म्हणाल्या, डेंटिस्टना दाखवून घ्या. डेंटिस्टनी तोंडात आरसा घालून बघितलं आणि म्हणाले, "पाचवा महिना ना? मग एक्सरे नको, इंजेक्शन नको, बाळंतपण झालं की या." म्हणजे अजून चार महिने हा ठणका सहन करायचा का? सासूबाई म्हणतात की बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं, त्यामुळे एखादा दात जायचाच. नवऱ्याचं म्हणणं, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. मला स्वतःला भुलीच्या इंजेक्शनची सगळ्यात जास्त भीती वाटते. ज्यांनी या काळात दातांचं काही करून घेतलंय त्यांनी कृपया लिहा. इथे कोणी डेंटिस्ट असतील तर फारच बरं.

पाऊलखुणा
दुसरीकडे दाखवच, आणि लवकर. माझं रूट कॅनल सहाव्या महिन्यात झालं, भूल देऊन. मुलगी आता शाळेत जाते. ठणकणारी दाढ आपोआप बरी होत नाही गं. मध्येच दुखायची थांबली तर "बरं झालं" असं समजू नकोस. आतली नस मेली की ठणका थांबतो, पण संसर्ग मुळापाशी पसरतच राहतो. मला हे माझ्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं म्हणून सांगते.

मृण्मयी_दंत
शमिका, मी डेंटिस्ट आहे आणि गरोदर पेशंट माझ्याकडे नेहमी येतात. तुमचे डॉक्टर काळजीपोटीच तसं म्हणाले असतील, पण "सगळं बाळंतपणानंतर" हा सल्ला आता मागे पडला आहे. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एसीओजीने, २०१३ साली स्पष्टच लिहिलं की दातांची तपासणी, क्लीनिंग, एक्सरे, स्थानिक भूल, फिलिंग, रूट कॅनल, दात काढणं हे सगळं गरोदरपणात सुरक्षित आहे आणि गरज असेल तर ते लांबवू नये. हा दंतवैद्यांचा आग्रह नाही, बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलेलं आहे. पुन्हा कोणी परत पाठवलं तर हे जरूर सांगा.

थांबणं सुरक्षित वाटतं कारण त्यात आपण काही "करत" नाही. पण दाढेच्या मुळाशी पू झाला असेल तर जंतू त्यांचं काम करतच असतात. त्यात ताप येतो, जेवण जात नाही, झोप होत नाही, आणि बाई घरात सापडेल ती पेनकिलर घेत राहते. पोटातल्या बाळाला यातला प्रत्येक प्रकार भुलीच्या एका इंजेक्शनपेक्षा जास्त त्रासाचा आहे.

आता भुलीबद्दल. दातासाठी वापरतात ते लिग्नोकेन. ते जागच्या जागी काम करतं, आणि गरोदर स्त्रियांमध्ये त्याचा वापर वर्षानुवर्षं होत आलाय. त्यात थोडं अॅड्रेनलिन असतं ते ऐकून लोक घाबरतात. त्याचं काम एवढंच की तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावाव्यात, म्हणजे भूल त्याच जागी जास्त वेळ टिकते आणि रक्तात कमी उतरते. भूल न देता दात कोरला तर वेदनेने शरीर स्वतःच त्याहून कितीतरी जास्त अॅड्रेनलिन सोडतं. म्हणून "मी सहन करते, इंजेक्शन नको" असं कोणी म्हणालं तर मी तयार होत नाही.

एक्सरे: दाढेच्या छोट्या एक्सरेचा झोत तोंडापुरता असतो. गर्भापर्यंत पोचणारा डोस इतका नगण्य असतो की निसर्गातून आपल्या सगळ्यांना दिवसभरात जो किरणोत्सर्ग मिळतो त्याच्याही तो खूप खाली राहतो. निदानासाठी लागणार असेल तर काढावा. नुसतं "दर सहा महिन्यांचं रूटीन" म्हणून काढायचा असेल तर तो पुढे ढकलता येतो.

पाचवा महिना तर उलट उत्तम. पहिल्या तिमाहीत मळमळ असते, बाळाचे अवयव घडत असतात, म्हणून न अडणारं काम तेव्हा आम्हीही टाळतो. शेवटी शेवटी खुर्चीत आडवं राहणं जड जातं. चौथ्यापासून सहाव्या महिन्यापर्यंतचा काळ सगळ्यात सोयीचा. पण चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास यांपैकी काहीही झालं तर महिना मोजत बसू नका. त्याच दिवशी, रात्री असेल तर रात्री, दवाखाना गाठा. खालच्या दाढेचा संसर्ग गळ्याकडे उतरू शकतो आणि मग श्वासाचा प्रश्न येतो.

वत्सलामावशी
मृण्मयी, तू डॉक्टर आहेस म्हणून विचारते. आमच्या वेळी प्रत्येक बाळंतपणाला एक दात जातो असंच म्हणायचे, आणि माझ्या बाबतीत ते खरंही झालं. दोन मुलं, दोन दाढा गेल्या. मग हे कॅल्शियमचं सगळं खोटंच का?

मृण्मयी_दंत
मावशी, तुमच्या दाढा गेल्या हे खरंच, पण त्या बाळाने नेल्या नाहीत. दात एकदा तयार झाला की त्यातलं कॅल्शियम हाडातल्यासारखं रक्तात परत जात नाही, तशी वाटच नाही. बाळाला कॅल्शियम मिळतं ते आईच्या आहारातून, आणि तिथे कमी पडलं तर आईच्या हाडांतून. म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायच्या त्या हाडांसाठी आणि बाळासाठी. दाताची कीड त्याने थांबत नाही.

दात जायची कारणं वेगळीच. उलट्यांचं आम्ल, दिवसातून सारखं थोडं थोडं खाणं, थकव्यामुळे रात्रीचा ब्रश राहून जाणं, हिरड्या सुजलेल्या म्हणून तिथे ब्रश न लावणं. आणि सगळ्यावर कडी म्हणजे "आत्ता डॉक्टरकडे जायचं नाही" हा समज. छोटी कीड नऊ महिन्यांत मोठी होते, मग बाळ लहान म्हणून आणखी वर्ष जातं, आणि शेवटी दाढ काढावी लागते. हिशेब बाळाच्या नावावर मांडला जातो एवढंच.

वत्सलामावशी
अगदी असंच झालं होतं गं. धाकटा दोन वर्षांचा होईपर्यंत मी गेलेच नव्हते. माझ्या सुनेला हा धागा वाचायला देते.

नीरजा
हिरड्यांतून रक्त येण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. मला चौथा महिना आहे. रक्त येतं म्हणून मी ब्रश अगदी हलका, पुढच्या दातांवरच फिरवते. बरोबर आहे ना?

मृण्मयी_दंत
नाही नीरजा, इथे नेमकं उलट करायला हवं. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन खूप वाढतात, हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या पसरतात आणि जास्त पाझरतात. दातांच्या कडेला किटणाचा जो पातळ थर बसतो त्याला एरवी हिरडी थोडीशीच लाल होऊन उत्तर देते, आता तीच मोठी सूज आणते. काही जंतूंना तर ही संप्रेरकं खाद्यासारखी उपयोगी पडतात. म्हणजे संप्रेरकं आग वाढवतात, पण लावतो तो थर. तो काढला तर सूज उतरते, राहू दिला तर वाढत जाते. रक्त येतंय तिथेच ब्रश हवा. मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला थोडा तिरका धरून, जोर न लावता, पण चुकवून मात्र नाही. आणि दिवसातून एकदा दोन दातांच्या मध्ये फ्लॉस किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश. पहिले काही दिवस रक्त थोडं जास्तच दिसेल, मग कमी होत जाईल.

हा त्रास फार जणींना होतो, साधारण ६० ते ७५ टक्के गरोदर स्त्रियांना. सुरुवात बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात होते आणि आठव्याच्या आसपास जोर असतो. पण "सगळ्यांनाच होतं" म्हणून सोडून देऊ नका. एकदा क्लीनिंग करून घ्या. वर्षानुवर्षं घट्ट झालेलं किटण ब्रशने निघत नाही.

केतकीचे_पान
माझा अनुभव लिहिते, कारण तेव्हा मी प्रचंड घाबरले होते आणि वाचायला कुठे काही मिळालं नव्हतं. सातव्या महिन्यात वरच्या दोन दातांच्या मध्ये हिरडीवर लालबुंद मांसाचा गोळा आला. नुसतं पाणी लागलं तरी रक्त. नेटवर शोधलं तर "प्रेग्नन्सी ट्यूमर" असं नाव दिसलं आणि माझ्या पायांतलं बळच गेलं. डेंटिस्ट म्हणाल्या की नाव भयंकर असलं तरी याचा कॅन्सरशी काहीही संबंध नाही, संप्रेरकं आणि किटण यांमुळे हिरडीची वाढ होते. त्यांनी आजूबाजूचे दात स्वच्छ करून दिले आणि गोळ्याला हात लावला नाही. बाळंतपणानंतर तो आक्रसत गेला आणि उरलेला छोटा भाग नंतर काढून टाकला. त्या दिवसांत मला कोणी एवढं जरी सांगितलं असतं की हे होतं आणि जातं, तर कितीतरी रात्री नीट झोप लागली असती. म्हणून इथे सांगते आहे.

मृण्मयी_दंत
केतकी, बरं झालं लिहिलंत. शंभरातल्या पाच जणींपर्यंत हे दिसतं, म्हणजे तसं दुर्मीळही नाही. खाताना सारखा मध्ये येत असेल किंवा रक्त थांबत नसेल तर गरोदरपणातही काढता येतो, पण तेव्हा काढला तर पुन्हा यायची शक्यता असते. म्हणून थांबता येत असेल तर थांबतो. हिरडीवरची कुठलीही गाठ एकदा डॉक्टरांना दाखवायची मात्र, घरी बसून तिचं नाव ठरवायचं नाही.

अजिंक्यतारा
मी नवरा या नात्याने वाचतोय, बायकोला तिसरा महिना. हिरड्यांचा आजार असेल तर बाळ वेळेआधी जन्मतं असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. त्यामुळे ती आता प्रत्येक वेळी रक्त दिसलं की रडते. यात तथ्य किती?

मृण्मयी_दंत
अजिंक्य, याचं उत्तर थोडं सविस्तर देते, कारण या भीतीचा वापर करून पेशंट घाबरवले जातात आणि मला ते अजिबात पटत नाही.

१९९६ साली अमेरिकेत ऑफेनबाखर आणि सहकाऱ्यांनी अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या आयांची बाळं वेळेआधी किंवा कमी वजनाची जन्मली त्यांच्यात हिरड्यांचा खोलवरचा आजार जास्त आढळला. पुढे अनेक अभ्यासांत असाच संबंध दिसला. आता दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. धूम्रपान, मधुमेह, कुपोषण, वैद्यकीय सोयी न मिळणं यांनी दोन्ही होतात. म्हणून पुढचा प्रश्न होता: हिरड्यांवर उपचार केले तर वेळेआधीची बाळंतपणं कमी होतात का? २००६ साली मायकलोविच आणि सहकाऱ्यांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ८२३ गरोदर स्त्रिया, सगळ्यांना हिरड्यांचा आजार. निम्म्या जणींवर २१ आठवड्यांच्या आत उपचार, बाकीच्यांवर बाळंतपणानंतर. वेळेआधी बाळंतपणाचं प्रमाण पहिल्या गटात १२.० टक्के, दुसऱ्यात १२.८. म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. पण हिरड्या बऱ्या झाल्या, आणि उपचारांमुळे आईला किंवा बाळाला अपाय झाल्याचं दिसलं नाही. माझ्या दृष्टीने हा दुसरा निष्कर्ष शमिकासारख्या प्रत्येकीसाठी फार मोलाचा आहे.

तेव्हा तुमच्या पत्नीला सांगा, ब्रशवरचं रक्त म्हणजे बाळावरचं संकट नव्हे. साधी हिरड्यांची सूज आणि हाडापर्यंत गेलेला आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासून घ्या, स्वच्छता करून घ्या, ती तिच्या स्वतःच्या तोंडासाठी. मधुमेह असेल किंवा गरोदरपणात साखर वाढली असेल तर हिरड्यांकडे आणखी लक्ष द्यायला हवं, कारण साखर आणि हिरड्या एकमेकींना बिघडवतात.

अजिंक्यतारा
मनापासून आभार. हे तिला मोठ्याने वाचून दाखवलं.

औषधवेल
मी फार्मासिस्ट आहे. वर "घरात सापडेल ती पेनकिलर" असा उल्लेख आलाय म्हणून लिहितो, कारण काउंटरवर हे रोज बघतो.

दातदुखीला गरोदरपणात पहिला पर्याय पॅरासिटामॉल, ठरलेल्या मात्रेत, गरजेपुरता. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्या कुटुंबातल्या बाकीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात नकोत. २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला की २० आठवड्यांनंतर या गोळ्यांमुळे बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. ३० आठवड्यांच्या पुढे तर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. दातदुखीच्या बऱ्याच "कॉम्बिनेशन" गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर यातलं एखादं औषध असतं, त्यामुळे पाकिटावरचं नुसतं ठळक नाव वाचून भागत नाही. मागची बारीक अक्षरं वाचा किंवा विचारा. (अॅस्पिरिनची छोटी गोळी गायनॅकनी मुद्दाम दिली असेल तर ती बंद करायची नाही, तो विषय वेगळा.)

अँटिबायोटिकमध्ये अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन ही नेहमी दिली जातात. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन नको. बाळाचे दुधाचे दात पोटातच घडत असतात, चौथ्या महिन्याच्या सुमारास त्यांत कॅल्शियम भरायला लागतं, आणि टेट्रासायक्लिन त्या कॅल्शियमला चिकटून दात कायमचे पिवळट-करडे करतं. आणि नुसत्या अँटिबायोटिकवर ठणका थांबला म्हणून डेंटिस्टची अपॉइंटमेंट रद्द करू नका. मुळातला संसर्ग काढला नाही तर तो परत येतो.

नीरजा
उलट्यांचं काय करायचं? माझ्या अजून चालू आहेत. उलटी झाली की तोंड इतकं घाण वाटतं की लगेच ब्रश करते.

पाऊलखुणा
लगेच नको! हे मलाही बरंच उशिरा कळलं. पोटातल्या आम्लाने दातावरचं कवच मऊ झालेलं असतं, त्यावर ब्रश घासला की ते झिजतं. आधी चूळ भर. एक ग्लास पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ठेव, त्याने चूळ भरून थुंकून टाक, गिळायचं नाही. सोडा नसेल तर साधं पाणी. ब्रश अर्ध्या-एक तासाने.

शमिका, तुझे पुढचे दात आंबतात त्याचं कारणही हेच असणार.

मृण्मयी_दंत
बरोबर. आम्ल बहुतेक वेळा वरच्या पुढच्या दातांची आतली, जिभेकडची बाजू खातं, त्यामुळे आरशात काही दिसत नाही. फ्लोराइड असलेली पेस्ट वापरा, ब्रश केल्यावर फेस थुंका पण भरपूर पाण्याने चुळा भरू नका, म्हणजे थोडं फ्लोराइड दातांवर राहतं. गरज वाटली तर डेंटिस्ट फ्लोराइड वार्निश लावून देतात, ते या काळात चालतं.

ब्रश तोंडात घातल्यावरच उमासे येत असतील तर लहान मुलांचा छोट्या डोक्याचा ब्रश घ्या, मान थोडी पुढे झुकवा, नाकाने श्वास घेत राहा, मागच्या दाढा शेवटी घासा. पेस्टचा वास सहन होत नसेल तर सौम्य चवीची बदलून बघा. सकाळी अजिबात जमत नसेल तर ज्या वेळी मळमळ कमी असते त्या वेळी करा. वेळ कोणतीही असो, दिवसातून दोनदा झाला म्हणजे पुरे. रात्रीचा तेवढा चुकवू नका.

लोहाचं पातळ औषध चालू असेल तर ते स्ट्रॉने घ्या आणि नंतर चूळ भरा. दातांवर काळपट डाग येतात ते त्याचे असतात, कीड नसते.

केतकीचे_पान
माझ्या दाढेत जुनं चांदीचं फिलिंग आहे. त्यात पारा असतो म्हणे. दुसऱ्यांदा दिवस गेले तर आधी काढून घ्यावं का?

मृण्मयी_दंत
चांगलं बसलेलं जुनं फिलिंग काढायला जाऊ नका, विशेषतः गरोदरपणात. पाऱ्याची वाफ सगळ्यात जास्त सुटते ती फिलिंग कोरून काढताना. नवीन भरायचं असेल तेव्हा मात्र गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांना अमाल्गम, म्हणजे हेच चांदीचं फिलिंग, टाळायचं, दाताच्या रंगाचं दुसरं साहित्य वापरायचं. पाऱ्यावरच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात २०२२ साली जी सुधारणा झाली तिचीही दिशा हीच आहे.

शमिका
सगळ्यांना एकत्र उत्तर देते. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आले. जाताना गायनॅककडून दोन ओळींची चिठ्ठी घेतली होती: किती आठवडे, रक्तदाब, चालू औषधं आणि "स्थानिक भूल व एक्सरेला हरकत नाही". ती चिठ्ठी दाखवल्यावर कोणी काही शंकाच काढली नाही. एक्सरेत जुन्या फिलिंगखाली कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत गेलेली दिसली. भूल दिली, रूट कॅनलची पहिली बैठक झाली, त्या रात्री मी सलग झोपले. पुढची बैठक पुढच्या आठवड्यात. फक्त एक झालं, खुर्ची सपाट केल्यावर थोड्या वेळाने गरगरल्यासारखं वाटलं, घाम फुटला. डॉक्टरांनी लगेच कुशीवर वळवलं तर बरं वाटलं. हे भुलीमुळे तर नाही ना?

मृण्मयी_दंत
फार छान बातमी! आणि चिठ्ठीची युक्ती सगळ्यांनी लक्षात ठेवा, दोन डॉक्टरांमध्ये पेशंटची जी ये-जा होते ती त्या दोन ओळींनी थांबते.

गरगरणं भुलीमुळे असेल असं वर्णनावरून वाटत नाही. उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या नीलेवर येतो, हृदयाकडे परत जाणारं रक्त कमी होतं आणि रक्तदाब उतरतो. साधारण २० आठवड्यांनंतर हे होऊ शकतं. पुढच्या वेळी बसतानाच सांगा: पाठ थोडी उंच ठेवायची, उजव्या कुल्ह्याखाली छोटी उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल घ्यायचा म्हणजे शरीर जरा डावीकडे कलतं. मध्ये मध्ये थांबायला सांगा, अवघडून बसू नका. अपॉइंटमेंट थोडी लांबली तरी चालेल. तरीही गायनॅकना हे कानावर घाला.

नीरजा
शेवटचा प्रश्न. बाळ झाल्यावर हिरड्या आपोआप पूर्ववत होतात ना? मग तेव्हा डेंटिस्टकडे जायची गरज आहे का?

मृण्मयी_दंत
सूज बरीच उतरते, पण साचलेलं किटण आणि पडलेली कीड तिथेच राहते. म्हणून जमेल तेव्हा एकदा तपासून घ्या. स्तनपान चालू असताना लिग्नोकेनची भूल, फिलिंग, क्लीनिंग सगळं चालतं, दूध पाजणं थांबवावं लागत नाही. आणि हे बाळाच्याही कामाचं आहे. कीड करणारे जंतू बाळाच्या तोंडात बहुतेकदा आईकडून किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाकडून लाळेवाटे येतात, चमचा आधी आपल्या तोंडात घालून बघितला की तेवढंही पुरतं. आईच्या तोंडात हे जंतू कमी असतील तर बाळाकडे कमी जातात. पहिला दात सहाव्या महिन्याच्या आसपास येतो, त्याच्या आधी तुमचे राहिलेले उपचार उरकून घ्या.